भारत विरुद्ध भारत

दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धेत आपण फुटबॉलमध्ये इराणला एका गोलने हरवलं, ही बातमी आप्पांनी आमच्या अंबरनाथच्या घरात इतक्या वेळा मोठ्याने वाचली की शेवटी आईने पेपरच काढून घेतला. आप्पा म्हणजे माझे वडील, कारखान्यात कारकून. जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. पण आपले अनवाणी खेळाडू जिंकले म्हणून आठवडाभर छाती काढून फिरत होते. मग त्यांनी जाहीर केलं, आपणही आशियाई स्पर्धा भरवायची.

आशिया गोळा व्हायला वेळ लागला नाही. आमच्या कारखान्याची टीम, विठ्ठलवाडीची, बदलापूर गावातल्या शेतकऱ्यांची आणि उल्हासनगरच्या कँपातल्या सिंध्यांची. देश आप्पांनी वाटले. यजमान म्हणून कारखाना अर्थातच भारत. विठ्ठलवाडी अफगाणिस्तान. जपान मिळाल्यावर बदलापूरकर हिरमुसले, पण तिथेही भातच पिकतो म्हटल्यावर खूश झाले. कँपाला इराण. "सिंधच्या पुढे थोडं गेलं की इराणच की," आप्पा नकाशावर बोट ठेवून म्हणाले. बनियनांवर देशांची नावं शिवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मला शिवण येत होतं आणि माझं लग्न काही जमत नव्हतं.

कँपाचा कॅप्टन बराकीसमोर कापड विकायचा. आडदांड, हसरा माणूस. सामन्यांच्या आदल्या दिवशी बनियनं न्यायला आला. आईने चहा दिला. त्याने वरचं बनियन उलगडलं, मला नाव वाचायला लावलं आणि कप खाली ठेवला.

"बाबूजी," तो आप्पांना म्हणाला, "वहाँ से निकले तो यहाँ आए. अब यहाँ से भी ईरान भेजोगे क्या?"

"अहो, खेळ आहे हा! नुसतं नाव!"

"नाम ही तो है, साईं. तुमी खेला. आमी बघनार." हसतच बोलला तो, पण बनियनं नीट घडी करून पाटावर ठेवली आणि गेला.

मी भडकले. आप्पांवर भडकायची आमच्या घरात पद्धत नव्हती, तरी भडकले. घरदार, दुकान, सगळं मागे टाकून ज्या देशात ही माणसं आली, तोच आपण त्यांना नाकारायचा? मी कात्री घेतली आणि 'इराण' उसवायला बसले.

"अगं, काय करतेस? मग कारखाना कोण?"

"तेही भारतच."

"भारत भारताशी कसा खेळेल? कुठल्या नियमात बसतं हे?"

"नाही बसत. हरकत घ्यायला इराण येणारे का?"

आप्पा बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग चष्मा लावून माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि उरलेली बनियनं उसवू लागले. उसवतानाही दोन फाडलीच. संध्याकाळी स्वतः कँपात जाऊन त्यांनी, मी 'भारत' शिवून दिलेली बनियनं कॅप्टनच्या हातात दिली. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. येताना मात्र डाळ-पकवान बांधून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी जपान आणि अफगाणिस्तान सकाळीच गारद झाले आणि दुपारी भारत-भारत अंतिम सामना लागला. मैदानात नुसता सावळा गोंधळ! सगळी बनियनं पांढरी, सगळ्यांवर एकच नाव. आमचा सेंटर फॉरवर्ड बिनदिक्कत कँपाच्या माणसाला पास देई. लोक "भारत! भारत!" ओरडत आणि दोन्ही टीम चेव येऊन धावत. आई पदर सावरत उभी राहून ओरडत होती, कुणासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. मी तर हसून हसून लोळायचीच बाकी होते.

शेवटी कॅप्टननेच गोल मारला. कारखाना हरला. आप्पांचा चेहरा पडला, तो मी पाहिला. पण जाहीर त्यांनाच करायचं होतं. त्यांनी पत्र्याचा भोंगा तोंडाला लावला, घसा खाकरला आणि ओरडले, "भारत जिंकला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅप्टन घामाने निथळत, धुळीने माखलेला, त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. कँपातली माणसं त्याच्यामागे उभी होती. इथे आल्यापासून त्यांना सगळे निर्वासितच म्हणत.

"बाबूजी," तो म्हणाला, "एक बार और बोलो ना."

आप्पांनी भोंगा पुन्हा उचलला. या वेळी त्यांचा आवाज फाटला.