काचेला चिकटलेला चेहरा

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती म्हणाली, "आता माझ्या आईचा फोटो मोठा करून आण. एकदा नीट बघू दे." तिची आई ती लहान असतानाच गेली. मागे राहिला आगपेटीएवढा एकच फोटो, काचेच्या फ्रेममधला.

माझ्याकडे त्याचा स्कॅन होता, कधीतरी घाईत केलेला. मोठा केला की चेहऱ्याचे नुसते चौकोन व्हायचे. पहाडगंजचा दुकानदार म्हणाला, "भाईसाहब, ओरिजिनल निकालकर हाय रेझोल्यूशन पे स्कॅन करो." म्हणून गुरुग्रामच्या घरी, आई आत पडलेली असताना, मी फ्रेम उघडली. फोटो काचेला चिकटला होता. मी जरासा ओढला. चर्र झालं. हातातल्या कागदावर पदर आणि हनुवटी होती. वर सगळं पांढरं, खरबरीत.

काच आणि कागद वर्तमानपत्रात गुंडाळून मी कपाटावर, बॅगांच्या मागे टाकले. आईला सांगितलं, फोटो दुकानात दिलाय.

मुलीने तो जुना स्कॅनच कुठल्याशा ॲपमधून स्पष्ट करून काढला. "बाबा, बिल्कुल क्लीन! कपाळावरचा डागपण गेला."

"डाग नव्हता गं. गोंदण होतं."

"गोंदण म्हणजे?"

आईला तिच्या आईचं तेवढंच आठवतं, त्या गोंदणावर बोट ठेवून ती झोपायची. आणि समोर पापण्या कोरलेली, गुळगुळीत कातडीची कुणी भलतीच बाई. मी माउसने एक ठिपका दिला. बरोबर भुवयांच्या मधे की थोडा वर? जुन्या स्कॅनमध्ये कपाळभर नुसते काळपट चौकोन. विचारणार कुणाला?

खरं सांगतो, ऑपरेशन पुढे ढकललं जावं असंही मनात आलं. आईला दिसू नये असं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही.

पट्टी निघाली. आईने मी छापून आणलेला मोठा फोटो खिडकीशी नेला. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठत होतो.

"ही कोण रे?"

मग सगळं सांगितलं. कपाटावरच्या पुडक्यासकट.

"काच टाकलीस?"

"नाही."

"आण."

तिने पुडकं सोडलं, काच उलटी केली आणि उजेडात धरली. मी फक्त मागची, फाटल्या कागदाची बाजू पाहिली होती. पुढून चेहरा तसाच होता, काचेत. हनुवटी तेवढी नाही. गोंदण होतं, मी दिलेल्या ठिपक्याच्या बरंच वर, डावीकडे.

"घाबरट," आई म्हणाली. "उलटून तरी बघायचंस."

आता काचच स्कॅनरवर ठेवलीय. झाकण बोटबोट खाली आणतोय. जोर पडला तर हेही जाईल. आई माझ्या मनगटाला धरून उभी आहे.

"हळू," ती म्हणते.