किल्लीकाकांचं मागचं चाक

कुणाची किल्ली कुलपात मोडली, कुणी कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार लोटलं, की गावात एकच हाक जायची: किल्लीकाकांना बोलवा. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे. काका मोटरसायकलवर येत, दारापुढे उकिडवे बसत, कुलपाची समजूत काढल्यासारखं काहीतरी पुटपुटत आणि घरातला चहा उकळायच्या आत दार उघडून देत. चहा मग निवांत पीत.

काकांचा जीव त्या मोटरसायकलवर. दर रविवारी ते तिला अंगणात घेत, पंपाला नळी जोडत आणि पाण्याचा असा जोरदार फवारा मारत की चाकांच्या सांदीकोपऱ्यातली धूळसुद्धा जीव घेऊन पळावी. काकू खिडकीतून बघत आणि म्हणत, "हिची चाकं धुऊन पाणी प्यायचं तेवढं बाकी ठेवलंय यांनी."

एका रविवारी मात्र आक्रीत घडलं. बाथरूमची कडी अडकते, अडकते, असं काकू कधीच्या सांगत होत्या. "बघतो" म्हणून काकांनी ते कानाआड केलं होतं. त्या दिवशी कडी खरोखरच अडकली आणि काकू आत कोंडल्या गेल्या. त्यांनी दार बडवलं, हाका मारल्या. अंगणात पंप धडधडत होता आणि काका गाडीच्या आरशाला मायेनं फडका मारत होते. शेवटी शेजारीण भिंतीवरून ओरडली, "अहो काका, गावाची दारं उघडता, स्वतःच्या बायकोचं तरी उघडा."

काकांनी धावत जाऊन कडी काढली. काकू बाहेर आल्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांचा आरडाओरडा काकांना सोसायचा, पण हे मौन म्हणजे मोठं संकट होतं. त्यातून दोघांना टेकडीपलीकडे लेकीकडे जेवायला जायचं होतं. काकूंनी साडी बदलली, हेल्मेट चढवलं आणि तोंड फिरवून मागच्या सीटवर बसल्या.

गाव मागे पडलं. काका मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. एवढ्यात त्यांना मागून बारीकशी गुणगुण ऐकू आली. काकांचा चेहरा खुलला. राग ओसरला म्हणायचा. मध्येच बोलून रंगाचा भंग नको, म्हणून ते गप्प राहिले. चढावर गाडी हळू झाली तसा सूर खाली आला. सपाटीवर वेग घेतला तसा सूरही चढला. वाऱ्यानं हिला हुरूप येतोय, असं समजून काकांनी आणखी थोडा वेग दिला आणि मान डोलवली.

मग टेकडीचा उतार लागला. वळणावर गाडी तिरकी घेताच मागची बाजू सैल पडल्यासारखी डुलली. सीटखालून खरखर ऐकू आली.

"नागमोडी काय चालवताय?" काकू पहिल्यांदा बोलल्या.

"मी नाही चालवत तशी. घट्ट बस, हलू नकोस."

काकांनी डोकं ताळ्यावर ठेवलं. करकचून ब्रेक दाबला असता तर डुलणारं चाक कुठे गेलं असतं कोण जाणे. त्यांनी वेग हळूहळू उतरू दिला, हँडल सरळ धरलं, मागून येणाऱ्यांना हात दाखवला आणि गाडी कडेच्या रोपवाटिकेच्या फाटकापाशी नेऊन थांबवली. दोघं खाली उतरली.

"तुझं गाणं ऐकण्याच्या नादात माझं लक्षच गेलं नाही," काका म्हणाले.

"माझं गाणं?" काकूंनी हेल्मेट काढलं. "मला वाटलं, मला कोंडून वर हे खुशाल गुणगुणतायत. म्हणून आणखीच चिडले होते मी."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग मागच्या चाकाकडे. काकांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. ते खुळखुळलं. चाकाच्या मधला भाग हात लावू नये इतका तापला होता. काकूंना हसू आवरेना. एकदा फुटलं ते फुटलंच. रोपांना पाणी घालणारा माळी झारी खाली ठेवून बघत राहिला.

हसून झाल्यावर काका म्हणाले, "लेकीचं घर आता जवळच आहे. हळूहळू नेतो."

काकूंनी गाडीची किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली. "न्या."

"अगं, मी कुलूपवाला आहे. किल्लीवाचून माझं अडतं का?"

"पर्सला हात लावून बघा."

काकांनी हात लावला नाही. माळ्यानं दोन स्टुलं आणून दिली. गुलाबांच्या कुंड्यांमध्ये बसून काकांनी अखेर ती माफी मागितली, जुळवलेली वाक्यं सगळी विसरून, साध्या शब्दांत. काकू म्हणाल्या, "दारापलीकडून मी हाका मारते आणि तुम्हाला ऐकूच येत नाही, त्याचं वाईट वाटलं. कडीचं काय एवढं."

काकांनी फोन केला तशा गावातल्या गॅरेजवाल्या ताई छोटा टेम्पो घेऊन आल्या आणि गाडी घेऊन गेल्या. जावई येऊन दोघांना घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ताईंनी चाकातलं बेअरिंग काकांच्या तळहातावर ठेवलं. ज्या पोलादी कड्यातल्या गोळ्यांवर चाक फिरायचं, त्या गोळ्या झिजून, फुटून गेल्या होत्या. कडं गंजून तांबडं झालं होतं.

"काका, पाणी कशानं मारता?"

"पंपानं," काका हळूच म्हणाले. "अगदी जवळून."

"तिथंच चुकलं. जोराचं पाणी रबरी सीलमधून आत शिरलं, ग्रीस धुऊन गेलं. थांबला नसतात तर चाक चालत्या गाडीत जाम झालं असतं. यापुढे साधं पाणी, ओलं फडकं. आणि आवाज आला की आधी गाडी बघायची."

काकांनी हे इतकं मनावर घेतलं की कुणाच्या दारी कुलूप उघडायला गेले, की बाहेर उभ्या मोटरसायकलचं चाक हलवून बघितल्याशिवाय ते आत पाऊल टाकत नसत. लोकांनी चेष्टा केली. तशात दवाखान्यातल्या नर्सबाईंचं पुढचं चाक त्यांच्या हाताला खुळखुळताना लागलं. नर्सबाई त्याच गाडीवर रोज टेकडी उतरायच्या. त्यांनी बेअरिंग बदलून घेतलं, तेव्हापासून चेष्टा कमी झाली आणि लोक गाड्या स्वतःच पुढे करू लागले.

काकूंनी मात्र वेगळाच निर्णय घेतला. मागे बसून काही कळत नाही, म्हणून त्या गॅरेजवाल्या ताईंकडून मोटरसायकल शिकल्या. आता रविवारी लेकीकडे जाताना हँडल काकूंच्या हातात असतं. काका मागे बसतात, सीटचा दांडा गच्च धरतात आणि प्रत्येक वळणाला "जरा हळू घे" म्हणतात. काकू म्हणतात, "बोलू नका, मला गाडी ऐकू द्या."