पाऊण पोळी

वृद्धाश्रमात आईला भेटायला गेलो, तेव्हा तिची देखभाल करणाऱ्या सुमनताई पलंगाशी बसून दिवसाची नोंद लिहीत होत्या. लिहायला त्या या नोकरीतच शिकल्या. आदल्या पानावर दुसऱ्या कुणी नुसतं ‘जेवण ठीक’ असं उरकलं होतं. सुमनताईंनी सावकाश लिहिलं, ‘अर्धी पोळी खाल्ली. वरण नको म्हणाल्या. गुडघा दुखतो, पण सांगत नाहीत.’ मग ओळीखाली बोट फिरवत त्यांनी ते आईला वाचून दाखवलं.

“तिला कशाला वाचून दाखवता?” मी विचारलं.

“त्यांच्याबद्दल लिहिलंय, मग त्यांना नको का कळायला?”

मी कचेरीत तीस वर्षं हाताखालच्या माणसांवर शेरे लिहिले, तेही सुबक अक्षरात. एकालाही त्याचा शेरा कधी वाचून दाखवला नाही.

आई म्हणाली, “अर्धी नव्हती गं, पाऊण खाल्ली मी.”

सुमनताईंनी ‘अर्धी’ खोडलं आणि ‘पाऊण’ लिहिलं.