रडणाऱ्या माणसांची किळस

बारावीच्या पेपरांना महिना-दीड महिना उरला की आमच्या कॉलेजात प्रेरणेचा कार्यक्रम ठेवतात. मी पुलगावला शिकवते, मानसशास्त्र आणि थोडं मराठी, आणि पिपरी मेघेहून रोज जाऊन-येऊन करते. तर त्या वर्षी प्राचार्यांनी एका मोठ्या वक्त्याला बोलावलं. व्हिडिओमुळे ते घरोघरी माहीत झाले होते. मुलं आईबापाची किंमत विसरली आहेत, तिची त्यांना आठवण करून दिली की आपोआप अभ्यासाला लागतील, असा त्यांचा सिद्धांत. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. त्यात हजारभर पोरं ओक्साबोक्शी रडत होती. प्राचार्य म्हणाले, बघा, काय ताकद आहे या माणसात.  मला वाटलं होतं, निदान मुलांचा एक दिवस बरा जाईल.

सभागृह म्हणजे आमचा पत्र्याचा हॉल. जानेवारी असला तरी दुपारी तिथे घामाचा आणि सतरंज्यांच्या धुळीचा वास कोंडतो. वक्ते आले ते अत्तराचा घमघमाट घेऊन. सोबत कॅमेरा धरणारे दोघे. सुरुवातीला त्यांनी मुलांना हसवलं, टाळ्या वाजवायला लावल्या. मग खिडक्या लावायला सांगितल्या, दिवे घालवले आणि बासरीचं रडकं संगीत सुरू केलं. मुलांना म्हणाले, डोळे मिटा. कॉलेजातून घरी चाललात. दारात गर्दी दिसतेय. गर्दीतून वाट काढत आत जाताय. पांढऱ्या कापडाखाली कोण झोपलंय ते बघा. कापड बाजूला करा. तुमचे वडील आहेत.

हे सगळं ते अगदी सावकाश, श्वास लांबवून सांगत होते. नाकातला कापूस, पायाचे बांधलेले अंगठे, काहीही सोडलं नाही. पहिला हुंदका पुढच्या रांगेतून आला. मग तो पसरत गेला, वर्गात एकाला खोकला लागला की सगळे खोकतात तसा. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. एक मुलगा जमिनीवर कपाळ आपटायला लागला आणि कॅमेरावाला धावत त्याच्याजवळ गेला, वाकून त्याचा चेहरा जवळून घेतला.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झालीत आणि मला ते आता क्वचितच आठवतात. तरी आलं. ते पाणी गालावर पोचलं तेव्हा मला कोणीतरी न विचारता अंगाला हात लावल्यासारखं वाटलं. मी पदराने पुसलं, पण चिकट काहीतरी राहिल्यासारखं वाटत राहिलं.

दिवे लागले तेव्हा वक्त्यांची नजर एका मुलीवर गेली. माझ्याच वर्गातली मुलगी. तिसऱ्या रांगेत ताठ बसलेली, डोळे कोरडे. ही मुलगी वर्गात फार बोलायची नाही, पण विचारलं तर नीट उत्तर द्यायची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आई मजुरीला जायची, एवढं मला माहीत होतं. वक्त्यांनी तिला उभं राहायला सांगितलं. माइक तिच्यापर्यंत पोचवला. सगळं सभागृह रडतंय आणि तुला काहीच झालं नाही का बाळा, असं त्यांनी फार गोड आवाजात विचारलं.  त्यांनी पुन्हा विचारलं, वडिलांचा चेहरा दिसला का? तिने मान हलवून हो म्हटलं. मग काय वाटलं?

ती म्हणाली, "मले बरं वाटलं."

माइकमुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. रडणारी पोरं रडता रडता थांबली. मागे कोणीतरी फसकन हसलं. वक्त्यांनी क्षणभर कॅमेरावाल्याकडे बघितलं, ते मला दिसलं. पण क्षणभरच. मग त्यांनी तिला मंचावर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगायला लागले, की ही आजच्या पिढीची शोकांतिका आहे, हिचं काळीज दगडाचं झालंय, आपण सगळे मिळून या दगडाला पाझर फोडू. त्यांनी खिशातून फोन काढला. वडिलांचा नंबर सांग, इथूनच बोल, सगळ्यांसमोर माफी माग. मुलीने नंबर सांगितला नाही. ती समोर बघत उभी राहिली. त्यांचा हात तिच्या खांद्यावरून मानेपर्यंत गेला होता आणि ते तिचं डोकं हळूहळू खाली वाकवत होते, कॅमेऱ्याकडे.

मी उठले आणि मंचावर गेले. फार धीराने गेले असं नाही. मला बसून राहवेना. मी म्हटलं, सर, हिची तब्येत बरी नाही, मी हिला घेऊन जाते. तिचा हात धरून खाली उतरवलं. मागून वक्त्यांचा आवाज आला, बघा, सत्य सगळ्यांनाच सोसत नाही. टाळ्या पडल्या.

बाहेर नळावर ती तोंड धुवायला लागली. मान घासून घासून धुतली. मी विचारलं, घरी काही त्रास आहे का? ती म्हणाली, "तुमाले माहीत नाई का मॅडम? आमच्या आळीत सगळ्याइले माहीत आहे." वडील दारू पिऊन आईला मारायचे. वर्षानुवर्षं. तिलाही मारायचे, पण कमी. हे तिने बसच्या वेळा सांगाव्या तसं सांगितलं.

कार्यक्रम संपल्यावर प्राचार्यांच्या कॅबिनमध्ये नाश्ता होता. मला बोलावणं आलं म्हणून गेले. वक्ते समोसा खात होते. बोटांना तेल, मिशीला चटणी. मंचावरचा तो थरथरता आवाज कुठेच नव्हता. तोंडात घास ठेवून ते कॅमेरावाल्याला विचारत होते, की डाव्या बाजूच्या मुली मस्त रडत होत्या, त्या घेतल्यास का? आणि तो कपाळ आपटणारा? कॅमेरावाला म्हणाला, सगळं आलंय सर. मग त्यांनी प्राचार्यांना विचारलं, इकडे झणझणीत मटण कुठे चांगलं मिळतं. प्राचार्य उत्साहाने सांगायला लागले. माझ्या हातातली समोशाची बशी मी तशीच टेबलावर ठेवली.

राग वेगळा असतो. रागात माणसाला समोरच्याशी भांडावंसं वाटतं, त्याला बदलावंसं वाटतं. मला त्या माणसाला बदलायचं नव्हतं, त्याच्याजवळ उभंच राहायचं नव्हतं. तो बसला होता ती खुर्चीसुद्धा मला नंतर कितीतरी दिवस नकोशी वाटायची.

दोन-चार दिवसांत व्हिडिओ आला. मुलीचा चेहरा झाकलेला नव्हता. तिचं वाक्य, मग वक्त्यांचं भाषण, मागे बासरी, आणि मी तिला घेऊन जातेय तो भाग कापलेला. पुलगावात तो फोनाफोनी फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी थोडं वाचलं आणि बंद केलं. देवाची गाणी टाकणारी, रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणारी माणसं त्या पोरीला नाही नाही ते बोलत होती. मी प्राचार्यांना म्हटलं, व्हिडिओ काढून टाकायला सांगा, मुलगी अठराचीही नाही. त्यांनी फोन करून बघतो म्हटलं. केला की नाही माहीत नाही. कॉलेजचं नाव झालं याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता.

मला भीती होती ती तिच्या वडिलांची. व्हिडिओ त्यांच्यापर्यंत जाणार, मग घरी काय होईल. मी मुलीला रोज विचारत होते. ती म्हणायची, काही नाई, बाबा चूप आहे. आणि एका सकाळी ते स्वतःच कॉलेजात आले. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून. प्यायलेले नव्हते. मागे मुलीची आई, डोक्यावर पदर, दाराशीच थांबलेली.

प्राचार्यांनी मला आणि मुलीला आत बोलावलं. मुलगी आत येताच वडील रडायला लागले. प्राचार्यांच्या टेबलाला धरून खाली बसले आणि म्हणाले, साहेब, ज्या पोरीले खांद्यावर घेऊन फिरलो, तिले माह्या मरणाचं बरं वाटते, मी आता जगून काय करू. छाती बडवली. नाक गळत होतं, ते शर्टाच्या बाहीने पुसत होते. प्राचार्यांचे डोळे भरून आले. ते उठले, त्यांना पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. मुलीला म्हणाले, बेटा, बाप आहे तो, चुकतं माणसाचं, पाया पड आणि विषय संपव. शिपायालाही गहिवरून आलं होतं. तोही म्हणाला, पड न व बाई.

मी दाराजवळ उभी होते, मला बाजूने दिसत होतं. हुंदक्यांच्या मधे वडील एकदा मान तिरपी करून वर बघायचे. आधी प्राचार्यांकडे, मग मुलीकडे. काम झालं का ते बघावं तसं. आणि नाही झालं असं दिसलं की पुन्हा मोठ्याने. ते ढोंग होतं असं मला आजही छातीठोक म्हणता येणार नाही. पाणी खरं होतं. कदाचित दुःखही त्यांना खरंच होत असेल. पण त्या रडण्याला हात होते, आणि ते हात त्या मुलीची मान खाली वाकवायला पुढे येत होते. मला पुन्हा मंच आठवला.

मुलगी जागची हलली नाही. ती माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हे असेच रडते. मारल्यावर. आईले मलम लावता लावता."

 वडिलांचं रडणं एकदम थांबलं. इतकं एकदम, की शिपायाने दचकून त्यांच्याकडे बघितलं. चेहरा ओलाच होता, पण त्यावर आता दुसरंच काहीतरी होतं, आणि ते ओल्या चेहऱ्यावर फार ओंगळ दिसत होतं.

तेव्हा आई दारातून आत आली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. ती नवऱ्याकडे बघतही नव्हती. प्राचार्यांना म्हणाली, "सर, पोरीले वर्गात जाऊ द्या. पेपर जवळ आले तिचे." बस, एवढंच. प्राचार्यांनी मान हलवली आणि मुलगी गेली. वडील थोडा वेळ बसले. मग उठले, गंधाला धक्का न लावता रुमालाने चेहरा पुसला आणि निघून गेले. आई त्यांच्या मागे गेली नाही. ती पोरीचा तास संपेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. मी तिला चहा आणून दिला. पोलिसांत जायचं असेल तर मी सोबत येते म्हटलं. तिने नको म्हटलं. भाऊ कारंज्याला राहतो, त्याच्याकडे जातो म्हणाली.

त्या दोघी तशाच गेल्या. मुलगी पेपरांपुरती मैत्रिणीकडे येऊन राहिली आणि पास झाली, फार चांगल्या नाही पण बऱ्या मार्कांनी. प्राचार्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वक्त्यांचं नाव काढलं. मी स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं, की त्या दिवशी माझा वर्ग हॉलमध्ये येणार नाही, मी शिकवणार आहे. वाद झाला. दोन सहकारी माझ्या बाजूने बोलले, बाकीचे खाली बघत बसले. कार्यक्रम झालाच. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिकडे गेली. रडायला मिळतं म्हणून नव्हे, नाश्ता मिळतो म्हणून.

यंदा अमरावतीला जाताना मी वाट वाकडी करून कारंज्याला उतरले. मुलीच्या मामाचं घर हायवेपासून आत, ढाब्यांच्या मागच्या वस्तीत. आई त्याच ढाब्यांपैकी एकावर पोळ्या करते. तिने मला बाजेवर बसवलं, पोहे केले. नवऱ्याचा विषय मी काढला नाही, तिनेच काढला. म्हणाली, फोन येते त्याचा अजून. रडते. परत ये म्हणते. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणता? ती म्हणाली, काही नाई, फोन पाटावर ठेवून देतो आणि कणीक भिजवतो, त्याचं झालं की बंद होते.

मग म्हणाली, "आधी मीबी रडे त्याच्यासंगं. वाटे, एवढा रडून राह्यला, काही तं असन त्याच्या मनात. मारलं त्याचा राग येऊन मी दोनदा माहेरी गेलती. राग गेला का परत जाऊ. आता राग नाई येत मॅडम. घाण वाटते."

मी मानसशास्त्र इतकी वर्षं शिकवतेय, पण राग माणसाला परत आणतो आणि किळस आणत नाही, हे मला तिच्याइतकं सरळ सांगता आलं नसतं. तिला ते सांगून काही सिद्धही करायचं नव्हतं. तिने कढई उचलली आणि घासायला बसली.

मुलगी तेवढ्यात आली, घामाने निथळत. पोलीस भरतीची तयारी करते. हायवेच्या कडेने, ट्रक जातात त्या धुळीत, पहाटे आणि संध्याकाळी पळते. पूर्वीपेक्षा काळी झालीय, दंड भरलेत. माझ्याजवळ जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मी विचारलं, पहाटे उठवतं कोण तुला?

ती म्हणाली, "कोणी नाई. जाग येते."