जांभळे डाग

सांडोरच्या इझाबेलला संशय घ्यायला कारण लागत नसे. गड्याने उतरवलेला केळीचा घड ती त्याच्या पाठीमागे पुन्हा निरखून बघे. पापांची कबुली देऊन आली तरी, फादर हे कुणाजवळ बोलणार तर नाहीत ना, या विचाराने तिला जेवण गोड लागत नसे. अशा बाईच्या घरात नवी सून आली, म्हणजे संशयाला आयतंच खाद्य मिळालं.

ईस्टर होऊन गेल्यावर एका सकाळी तिला वाडीत, वाळत घातलेल्या लुगड्याखाली लपवलेली फडकी दिसली. त्यांच्यावर गडद जांभळे डाग होते.

"क्लारा, हे काय गो?"

"देवळातलं कापड धुतलं, आई. त्याचा रंग लागला."

दुसऱ्या कुणाला हे पटलं असतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत देवळातल्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात आणि ती कापडं गावातल्या बायकाच धुतात. पण ती तर ईस्टरलाच पेटीत गेली होती. इझाबेलने सुनेची ट्रंक उपसली. तळाशी कापूस निघाला आणि जांभळ्या औषधाची बाटली.

"खाली खाज सुटते, पांढरं जातं," क्लारा रडू लागली. "नर्सबाईंनी लावायला दिलंय."

"कुठून आणलंस हे?" इझाबेलने विचारलं.

हा परपुरुषाकडूनच आलेला रोग, याबद्दल तिला शंका नव्हती. संध्याकाळी मुलाच्या, आग्नेलच्या, कानावर घालायचं आणि सुनेला माहेरी धाडायचं, हे तिने मनात पक्कं केलं. फक्त एकदा नर्सच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. बाटली पदराखाली धरून, सुनेला पुढे घालून ती दवाखान्यात गेली.

नर्स रोझलिनने सगळं ऐकून घेतलं. "मी तपासलंय तिला. ही बुरशी आहे. कुणालाही होते, कुमारिकेलाही. यात वागणुकीचा काही संबंध नाही." मग ती क्लाराला म्हणाली, "सांगितलं तेवढंच लाव. पोटात घ्यायचं नाही. खाज थांबली म्हणून मध्येच सोडायचं नाही. औषध संपेपर्यंत नवऱ्यापासून लांब राहा. आणि पाळी चुकली तर आधी मला येऊन सांग."

तरुणपणी इझाबेललाही हेच झालं होतं. "कुठून आणलंस?" असं तिच्या नवऱ्याने, सेबेस्टियनने, विचारलं होतं आणि मरेपर्यंत तो बाहेर ओट्यावर झोपत राहिला होता. तिने कुठूनच काही आणलं नव्हतं. तिला मेलेल्या माणसाचा संताप आला. त्याहून स्वतःचा आला, कारण सकाळी तोच प्रश्न तिच्या तोंडून गेला होता.

तिने सुनेला बाहेर बसवलं. "मला अजूनपन खाज येते," ती हळूच म्हणाली. "हीच बाटली लावू?"

"नको. ते तिचं औषध. तुमच्या वयात खाजेला दुसरंही कारण असतं. आधी बघू द्या."

इझाबेलने दाराची कडी दोनदा ओढून पाहिली आणि टेबलावर चढली.

संध्याकाळी आग्नेल घरी आला तेव्हा फडकी अंगणात उघड्यावर वाळत होती.

"हे जांभळं कसलं, आई?"

"देवळातलं कापड धुतलं क्लाराने. आणि तिला बरं नाय, तू थोडे दिवस ओट्यावर झोप."

"पण ईस्टर तर होऊन गेला."

"बापासारखा संशय घेऊ नको," इझाबेल म्हणाली आणि सुनेला जेवायला वाढू लागली.