एक थर ह्येंचो, एक थर तेंचो

भिंत गुडघ्याला लागली तेव्हा मी थापी खाली ठेवली. म्हटलं, यावर आता मी चिरा बसवणार नाही.

कुडाळच्या बाजूचं गाव, सत्त्याऐंशी साल. शाळेची नवी खोली श्रमदानाने बांधायची होती. वरची वाडी आणि खालची वाडी, देवळातल्या मानावरून दोघांत बोलणं बंद. म्हणून ठरलं, अर्धी भिंत यांनी उचलायची, अर्धी त्यांनी. मेस्त्री मात्र मी एकटाच. दोन दिवस मीही गप्प बांधत राहिलो, ती माझी चूक. बरोबर मधे, जोत्यापासून वर सरळ उभा सांधा तयार झाला.

चिऱ्याच्या कामात वरचा चिरा खालच्या दोघांच्या सांध्यावर बसवतात. याला आम्ही सांधेमोड म्हणतो. भार दोघांवर जातो, भिंत एकजीव होते. सांध्यावर सांधा आला की त्या दोन वेगळ्या भिंतीच. जमीन जरा बसली की मधे फाटणार. आणि खाली पोरं बसणार. मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं मला कळतं.

खालच्या वाडीचे तात्या म्हणाले, "मेस्त्री, मधी सिमिट जास्ती घाल."

"तात्यानू, सिमिटान जोडूचा तर पयला तुमका दोघांकाच जोडतंय."

वरच्या वाडीचे अण्णा भडकले. "तुका जमना नाय तर सांग. दुसरो मेस्त्री बघतंय."

आमची बायको तिथेच माल कालवत होती. मान वर न करता मला म्हणाली, "अवो, उभी कित्याक वाटतास? आडवी वाटा. एक थर ह्येंचो, एक थर तेंचो."

"म्हणजे तेंचो थर आमच्या डोक्यार?" अण्णा.

"मगे तुमचोव तेंच्या डोक्यार येतलोच मा!"

तात्या हसले. अण्णा हसले नाहीत, पण पहिला चिरा त्यांनीच उपटला. भिंत जोत्यापर्यंत उतरवली. मग एक दिवस ही वाडी, एक दिवस ती. दुसऱ्याचा थर वाकडा सापडावा म्हणून जो तो ओळंबा लावून बघायचा. इतकी सरळ भिंत मी पुन्हा बांधली नाही.

बायको जाऊन दीड वर्ष झालं. घर खायला उठतं, म्हणून मी जुनी कामं बघत हिंडतो. परवा त्या शाळेकडे गेलो होतो. केसाएवढी चीर नाही. बरं वाटलं. मानाचं भांडण तेवढं अजून मिटलेलं नाही. ते मिटायची वाट बघितली असती, तर पोरं आजही उन्हात बसली असती.