दारावरचं सगळं

माझ्या मेव्हण्याचा दिवस पहाटे पाचला पाण्याच्या पंपाचं बटण दाबून सुरू व्हायचा. टाकी भरेपर्यंत तो जिन्याचे कठडे हलवून बघायचा. एखादा सैल लागला की तिथल्या तिथे आवळायचा. मागच्या खिशात पेचकस कायम, म्हणून ज्या बिल्डिंगीची देखभाल तो बघायचा तिथे त्याचं नावच पेचकस पडलं. माझी बायको त्याची थोरली बहीण. ती विचारायची, झोपेत कूस बदलताना टोचत नाही का रे तुला?

मी गवंडी होतो. दुसऱ्याच्या कामाला सहजासहजी चांगलं म्हणत नाही. त्याच्या कामाला म्हणतो. लाकडात स्क्रू घालण्याआधी तो साबणावर घासायचा, म्हणजे लाकूड चिरत नाही. काम संपलं की सगळ्या स्क्रूंच्या खाचा उभ्या, एका रेषेत. आडव्या खाचेत धूळ बसते, म्हणायचा. सांगितलेलं काम अर्धवट सोडणं त्याला जमलंच नाही.

बिल्डिंग तीन मजल्यांची. दारं सगळी एकाच तपकिरी रंगाची. एकच मजला तीनदा बांधलाय असं वाटावं. दुसऱ्या मजल्यावर जिन्यासमोर निवृत्त नर्सबाई एकट्या राहायच्या. त्यांच्या दारावर छोटी लाकडी पाटी होती, तिच्यावर त्यांच्या धर्मातली प्रार्थनेची एक ओळ. नवऱ्याने स्वतः कोरलेली. तो गेल्यावर बाई बाहेर पडताना आधी पाटीला बोटं लावायच्या, मग दाराला कुलूप. अक्षरं झिजून गुळगुळीत झाली होती.

सोसायटीचे चेअरमन तिसऱ्या मजल्यावर, बाईंच्या अगदी डोक्यावरच्या घरात. त्यांचा धर्म वेगळा. त्यांच्या दारावर परातीएवढं पितळी धर्मचिन्ह होतं. ते त्याला शोभेची वस्तू म्हणायचे.

मग खालच्या मजल्यावर बेकरीवाला राहायला आला. त्याचा धर्म तिसराच. त्याने आपल्या दारावर बशीएवढं चिन्ह लावलं आणि कुणीतरी कुरकुर केली. चेअरमन त्याला म्हणाले, दारावर धार्मिक काही चालत नाही. तो भांडला नाही. मग तुमच्या दारावर काय आहे, एवढंच विचारलं. शोभेची वस्तू, चेअरमन म्हणाले. आणि नर्सबाईंची पाटी? चेअरमन पेचात सापडले. बाईंची पाटी निघावी असं बेकरीवाल्याच्या मनात नव्हतं, त्याला फक्त आपलं चिन्ह ठेवायचं होतं. पण चेअरमन हट्टाला पेटले. माझंही काढतो, म्हणाले. कुणाचंच नको, म्हणजे कुणावर अन्याय नको.

नर्सबाईंनी तक्रार केली नाही. पेचकसला बोलावून पाटी कधी काढणार ते विचारलं. रविवारी, तो म्हणाला.

"मग मीही रविवारीच निघते," बाई म्हणाल्या. "बहिणीकडे राहीन. बोडक्या दाराला कुलूप घालायला माझा हात उठायचा नाही."

आणि खोकी भरायला घेतली.

मेव्हणा तोंड पाडून माझ्याकडे आला. ती पाटी त्यानेच बसवली होती. बाईंच्या नवऱ्याने ती दोन्ही हातांनी धरली होती आणि तिरकी तर नाही ना, हे चारदा विचारलं होतं. मी म्हणालो, हुकूम एकदा नीट विचारून घे, चेअरमन नरमलेही असतील. त्याने विचारलं. चेअरमन वैतागलेलेच होते.

"दारावरचं सगळं काढ. सगळं म्हणजे सगळं. आता काय फोड करून सांगू?"

रविवारी सकाळी चेअरमन फिरायला गेले आणि पेचकस कामाला लागला. आधी चिन्हं उतरवली. मग नावाच्या पाट्या. मग घरांचे नंबर, ठोठावायच्या कड्या, बाहेर बघायची भिंगं. प्रत्येक दाराचा माल वेगळ्या पिशवीत, स्क्रू त्याच पिशवीत. लोक विचारत तेव्हा तो सांगे, हुकूम आहे. लोक हसत आत जात. कुणाचं दार कोणतं, हे बाहेर जाऊन परतल्यावर खुद्द त्यांनाच कळेना.

चेअरमन परतले. नर्सबाईंची पाटी दिसली की अजून एक मजला बाकी, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. आज पाटी नव्हती आणि नंबरही नव्हता. जिन्यासमोरच्या दाराला त्यांनी किल्ली लावली. फिरेना. जोर केला, ती अडकली. त्यांनी दारावर थाप मारली.

"अगं, उघड ना. कुलूप बिघडलंय."

दार उघडलं. समोर नर्सबाई.

"अगं?" बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तर अहो म्हणत होतात."

चेअरमनचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. आत त्यांना भरलेली खोकी दिसली. कुठे निघालात, त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं, कशासाठी तेही सांगितलं. चेअरमन खोक्यावर बसले. बाईंनी त्यांना पाणी दिलं.

"पाटी असती तर चुकला नसतात," म्हणाल्या.

किल्ली सोडवायला पेचकसला हाक गेली. चेअरमननी त्याला विचारलं, नंबर का काढलेस?

"दारावर होते."

"आणि भिंगं?"

"तीही दारावरच."

चेअरमन हसायला लागले, ते खोकला येईपर्यंत. हे मुद्दाम केलंस का, असं मीही त्याला पुढे विचारलं. तो म्हणाला, दाजी, हुकूमच तसा होता. त्याहून जास्त काही मला त्याच्याकडून काढता आलं नाही.

संध्याकाळी जिन्यातच सभा भरली. चेअरमन उभं राहून म्हणाले, "माझं चुकलं. कुणाच्या दारावर काय आहे, हे सोसायटी विचारणार नाही. किती मोठं आहे, एवढंच विचारणार."

वीतभर, असं ठरलं. पण वीत कुणाची? बेकरीवाल्याचा पंजा पावाच्या लादीएवढा. त्याच्या वितीने मापलं असतं तर अख्खं दार भरलं असतं. तो आपणहून म्हणाला, पाटी सगळ्यांत जुनी नर्सबाईंची, तेव्हा वीतही त्यांचीच. बशी त्या वितीत बसली. परात बसली नाही. चेअरमननी परात घरात टांगली आणि बाहेरसाठी छोटं चिन्ह आणलं. देवधर्म न मानणाऱ्या मास्तरांनी आपल्या मांजराचा फोटो लावला. तो वितीत होता. कुणी काही विचारलं नाही.

सगळं परत बसवायला पेचकसला काढण्याच्या दुप्पट वेळ लागला. सुरुवात नर्सबाईंच्या पाटीपासून केली. पाटी बसल्यावर बाईंनी तिला बोटं लावली, आत गेल्या आणि खोकी रिकामी करायला बसल्या.

मेव्हणा स्वतः जिन्याखालच्या खोलीत राहायचा. तिला पत्र्याचं दार, वाऱ्याने रात्रभर बडबडणारं. पगारातून जे मागे टाकलं त्यातून निवृत्तीनंतर दोन खोल्या झाल्या. शेवटच्या पगारातून दार आलं, भरीव लाकडाचं. त्याच्या बायकोला तिच्या देवाची तसबीर दारावर हवी होती. तिने आपल्या वितीने मापून आणली होती. त्याने स्क्रू साबणावर घासले, बसवले आणि मला बोलावलं.

"बघा दाजी, खाचा उभ्या आहेत ना?"

एक तिरकी होती. मी सांगितलं. त्याने खिशातून पेचकस काढला.